अंजुमन-ए-इस्लाम : शाळेपासून इंजिनीअरिंग कॉलेजपर्यंत

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. त्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत तिथे मुसलमान विद्यार्थी अगदीच थोडे होते. इंग्रजी शिकल्याने मुले दीनपासून दूर जातील, अशी भीती घराघरांत होती. या परिस्थितीत 1874 मध्ये बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा मुहम्मद अली रोगे यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. तय्यबजी सुलेमानी बोहरा, तर रोगे कोकणी मुसलमान. जमाती वेगळ्या असूनही शिक्षणासाठी ते एकत्र आले, हे आज मुद्दाम आठवण्यासारखे आहे.

पहिली शाळा 1880 मध्ये सुरू झाली. उर्दू आणि धार्मिक शिक्षणाच्या जोडीला इंग्रजी, हा तिचा मार्ग होता. आजच्या सीएसएमटी स्टेशनासमोरची घुमटांची इमारत 1893 मध्ये उभी राहिली.

मुलींना मात्र बरीच वाट पाहावी लागली. बद्रुद्दीन यांनी स्वतःच्या मुलींना शिकवले, पुढे इंग्लंडलाही पाठवले. 1906 मध्ये त्यांचे निधन झाले. अंजुमनची मुलींची शाळा निघाली ती त्यानंतर तीस वर्षांनी, 1936 मध्ये! संस्थापकाच्या घरात जे घडले, ते समाजाच्या संस्थेत यायला एक पिढी गेली. ही शाळा आज त्यांचे नातू सैफ तय्यबजी यांच्या नावाने ओळखली जाते.

त्याच वर्षी भायखळ्यात साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. हाताला हुनर देणारे हे शिक्षण कारागीर, कामगारांच्या मुलांसाठी मोलाचे ठरले. पुढे तिथे पॉलिटेक्निक आले. 1983 मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी देण्याचे धोरण घेतले आणि 1984 मध्ये तिथेच इंजिनीअरिंग कॉलेज उघडले. आज न्यू पनवेलच्या कॅम्पसमध्ये इंजिनीअरिंगबरोबर फार्मसी आणि आर्किटेक्चरही शिकवले जाते.

ही वाढ समाजातल्या दानशूरांच्या पैशावर झाली. पण ती मुख्यतः मुंबई आणि आसपासच्या परिसरात. मराठवाड्यात, खानदेशात आजही अनेक मुलींचे शिक्षण दहावीनंतर थांबते, कारण जवळ कॉलेज नाही आणि शहरात राहायला हॉस्टेल नाही. जकात, सदका आणि वक्फच्या उत्पन्नाचा विचार करताना या मुली आपल्या हिशेबात कुठे आहेत? 1880 ते 1936 ही छप्पन्न वर्षांची दिरंगाई आपण पुन्हा करणार आहोत का?