मारी, नानकटाई आणि गोल होण्याचे दोन रस्ते

मारीचं बिस्किट आणि नानकटाई एका बशीत शेजारी ठेवून बघा. दोन्ही गोल. पण मारी गोल आहे कारण तिला कुणीतरी गोल कापलंय. नानकटाईला कुणी कापलेलं नसतं. तिचा गोळा भट्टीत गेला, तूप पातळ झालं, गोळा बसला, चारी बाजूंना सारखा पसरला आणि गोल झाला. एकीचा आकार बाहेरून आलेला, दुसरीचा आतून.

मी दिवसभर कोड लिहितो आणि रविवारी ओटीजी लावतो. घरी कुकीज करणाऱ्या सगळ्यांचा एक सामायिक प्रश्न असतो: त्या गोल कशा होतील? इंटरनेटवर याची शंभर उत्तरं आहेत, पण ती सगळी या दोन रस्त्यांपैकी एकावरची असतात. आणि या दोन रस्त्यांना बराच जुना इतिहास आहे.

आधी कापण्याचा रस्ता. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराची बिस्किटं हातानं व्हायची. एकेका भट्टीवर पाच जणांची टोळी, प्रत्येकाचं काम ठरलेलं. १८२९च्या सुमारास थॉमस ग्रँट या अधिकाऱ्याने गॉस्पोर्टच्या आरमारी कोठारासाठी वाफेवर चालणारी यंत्रं आखली. त्या यंत्रातून निघणारी बिस्किटं गोल नव्हती, षटकोनी होती. कारण शुद्ध भूमितीचं आहे. लाटलेल्या पोळीतून गोल चकत्या कितीही चिकटून कापल्या तरी मध्ये कातरण उरतं. उत्तमात उत्तम मांडणी केली तरी ९ टक्क्यांहून थोडं जास्त पीठ वाया जातं. सरळ रांगांमध्ये कापलं तर २१ टक्क्यांहून जास्त. ते परत मळून लाटायचं म्हणजे वेळ गेला, आणि दुसऱ्यांदा लाटलेलं पीठ चिवटही होतं. षटकोन मात्र मधमाशांच्या पोळ्यासारखे एकमेकांना लागून बसतात, मध्ये काहीच उरत नाही. पार्ले-जी आयताकृती आहे, त्यातही हाच फायदा आहे.

म्हणजे कापून गोल बिस्किट करणं ही खरंतर चैन आहे. मारी जन्मली तीही राजघराण्याच्या लग्नाच्या निमित्ताने. रशियाची राजकन्या मारिया आणि इंग्लंडचा राजपुत्र आल्फ्रेड यांचं १८७४मध्ये लग्न झालं, तेव्हा लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने हे बिस्किट काढलं. त्यात एक गंमत आहे. यंत्रात पीठ एकाच दिशेने ओढलं जातं. त्यातलं ग्लुटेन रबरासारखं ताणलेलं असतं आणि कापल्यावर ते परत आकसतं. पूर्ण गोल साच्याने कापलेली चकती त्यामुळे भाजून लंबगोल निघू शकते. मग कारखान्यात एकतर पिठाचा ताण आधी सैल होऊ देतात किंवा साचाच किंचित लंबगोल ठेवतात. घरी पोळपाटावर कुकीचं पीठ लाटताना ते दर वेळी थोडं फिरवायचं आणि कापण्याआधी दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, ते याचसाठी.

अशी कापलेली, डबाबंद बिस्किटं बोटींतून हिंदुस्थानात आली आणि इथे प्रश्न आकाराचा उरला नाही. प्रश्न झाला, हे कुणाच्या हातचं?

१८९०च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. तिथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली आणि शेवटी १८९२मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका चहाच्या कपापायी आणि बिस्किटापायी! आज हसू येतं, पण हसून सोडून देण्यासारखं ते नाही. ज्यांना न्यायाधीश आणि 'केसरी'चा संपादक म्हणून अख्खा प्रांत ओळखत होता, त्यांनाही हा प्रश्न चुकवता आला नाही. ज्यांच्या हातचं खायचं नव्हतं, त्यांना तर तो रोज विहिरीवर विचारला जात होता.

धंद्याने यावर आपलं उत्तर काढलं. १८९८मध्ये दिल्लीत लाला राधामोहन यांनी हिंदू बिस्किट कंपनी काढली. तिचं नावच गिऱ्हाइकाला सांगत होतं की हे आपल्या माणसांच्या हातचं आहे, घ्या.

नानकटाईने मात्र वेगळीच वाट काढली. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ पाव किंवा रोटी. सुरतेत लोक ही कहाणी दोटीवाला बेकरीशी जोडून सांगतात: डचांच्या भट्टीत काम करणाऱ्या पारशी कारागिराच्या हाती ती भट्टी आली आणि पुढे त्याच्याकडून गुजरातला नानकटाई मिळाली. सुरतेहून मुंबई काही लांब नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत जी पद्धत रुळली ती तुमच्या घरातल्या मोठ्यांना नक्की आठवत असेल. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप डब्यात घालून बेकरीत न्यायचं. ट्रेवर नावाची चिठ्ठी लागायची. संध्याकाळी तोच डबा भरून घरी.

माझी आजी साताऱ्याची. सत्तरच्या दशकात दिवाळीआधी ती शेजारणींबरोबर बेकरीत जाऊन बसायची. तूप डोळ्यांदेखत पडावं हा मुख्य हेतू. बेकरीवाले चाचा दोन्ही तळव्यांत एकेक गोळी एकाच वेळी वळायचे. आजी पेढ्यासारखी गोळी चपटी करायला गेली की म्हणायचे, "वहिनी, दाबू नका. ती आपसूक बसंल."

या एका वाक्यात सगळं भौतिकशास्त्र आहे. तूप किंवा लोणी साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि कुकी घट्ट होते त्याच्या बऱ्याच नंतर. या मधल्या काही मिनिटांत पीठ स्वतःच्या वजनाने खाली बसतं. गोळा सगळीकडून सारखा असेल तर मध्यापासून काठ सगळीकडे सारख्याच अंतरावर असतो आणि उष्णताही सारखीच आत शिरते. बोटांनी दाबलेल्या गोळ्याला मात्र पातळ कोपरे राहतात. ते आधी तापतात, आधी घट्ट होतात आणि आधी करपतात.

पण मला ते वाक्य आणखी एका कारणाने लक्षात राहिलं. पंचहौदच्या चहाला तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. आजीच्या घरी माहेरचं सोवळं अजून कडक होतं. आणि तरी तिच्या घरचं तूप एका मुसलमान कारागिराच्या तळव्यांत वळलं जात होतं, देवापुढच्या फराळाच्या ताटात जात होतं. कुणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. "पीठ आपलं, तूप आपलं" असं स्वतःला सांगत त्या बायकांनी हाताचा प्रश्न बेकरीच्या उंबऱ्यावर ठेवून दिला. सगळीकडे तो सुटला असं नाही. पण त्या डब्यापुरता तरी सुटला.

इकडे हात चालत होते, तेव्हा अमेरिकेत हाताच्या जागी एक अवजार आलं होतं. आल्फ्रेड क्रेल हा १८६६मध्ये, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यावर लगेचच, व्हर्जिनियात जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण. पिट्सबर्गला हमाल म्हणून काम करताना त्याने पाहिलं की आइस्क्रीम चमच्याला चिकटतं, काढायला दोन चमचे आणि दोन हात लागतात. २ फेब्रुवारी १८९७ला त्याला एका हाताने चालणाऱ्या स्कूपचं पेटंट मिळालं. आत फिरणारी पट्टी गोळा खरवडून सोडते. आज कुकीज मोजायला आपण जो स्कूप वापरतो, तो याच कुळातला. त्या पेटंटने क्रेल श्रीमंत झाला नाही. चाचांचं नाव तर आजीलाही आठवत नाही. गोल कुकीच्या इतिहासात अशी माणसं बरीच आहेत.

आता तुमच्या ओव्हनपाशी येऊ. पसरणाऱ्या कुकीसाठी गोळे वजन करून घ्या, समजा ३० ग्रॅमचा एकेक. वळून फ्रीजमध्ये थंड करा, म्हणजे लोणी उशिरा वितळेल आणि पसरणं ताब्यात राहील. गोळा दाबू नका. दोन गोळ्यांत चारेक बोटं अंतर ठेवा. शेजारी चिकटले की समोरासमोरच्या बाजू सपाट होतात. ट्रे गार असू द्या आणि अर्ध्या वेळेने फिरवा, कारण बहुतेक ओटीजी एका बाजूने जास्त तापतात.

पिठाची वळकटी करून चकत्या कापणार असाल तर फ्रीजमध्ये ती स्वतःच्या वजनाने खालून चपटी होते. ती किचन रोलच्या उभ्या चिरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा, नाहीतर तांदळाच्या डब्यात रुतवून ठेवा. कापताना दर चकतीनंतर वळकटी पाव फेरा फिरवा, म्हणजे सुरीचा दाब एकाच बाजूवर येणार नाही. आणि एवढं करूनही एखादी वाकडी झालीच, तर ट्रे बाहेर काढल्या काढल्या तिच्यापेक्षा थोडी मोठी वाटी तिच्यावर पालथी घालून हलकेच गोल गोल फिरवा. पहिली एक-दोन मिनिटं ती मऊ असते, तेवढ्यात काठ सरळ होतो.

यंदा दिवाळीत घरी फोन केलात की एक विचारा: आपल्याकडे नानकटाई कोणत्या बेकरीत जायची आणि गोळे कोण वळायचं? नाव आठवलं तर लिहून ठेवा.