हॅलोविनचे मूळ : एक सोयीची कथा

हॅलोविनविषयीच्या लेखांचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते. दोन हजार वर्षांपूर्वी केल्ट लोक ३१ ऑक्टोबरच्या रात्री 'साउइन' हा नववर्षाचा आणि मृतात्म्यांचा सण पाळत, आणि ख्रिस्ती धर्मसत्तेने त्यावर आपला संतदिन बसवला. वाक्य सुटसुटीत आहे, वर्गात सांगायला सोपे आहे. अडचण एवढीच की, पुरावा त्याला पुरेशी साथ देत नाही.

साउइन हा आयर्लंडमधला सण होता, यात शंका नाही. उन्हाळा संपल्यावरच्या मेळ्यांचा आणि मेजवान्यांचा तो काळ. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये त्या सुमारास परलोकीच्या शक्ती माणसांच्या जगात उतरतात. पण या कथा लिहिल्या गेल्या त्या ख्रिस्ती काळात. 'केल्टांचे नववर्ष' ही कल्पना तर जॉन ऱ्हीस यांनी १८८६ च्या व्याख्यानांत मांडली, तीही आपल्या काळच्या लोकरूढींवरून मागे अनुमान करत. 'मृतांचा सण' ही भर पडली ती फ्रेझरच्या 'द गोल्डन बाऊ'मुळे. रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली हे सारे तपासून दाखवले. त्यातला सर्वांत बोलका तपशील असा : इ. स. ८०० च्या सुमाराच्या आयरिश संतसूचीत सर्व संतांचा सण २० एप्रिलला नोंदवलेला आहे! १ नोव्हेंबर ही तारीख त्याच सुमारास इंग्लंडात आणि जर्मन प्रदेशांत रुजत होती. साउइन झाकण्यासाठीच ती निवडली असती, तर आयर्लंडच मागे कसे राहिले?

मृतांचा या दिवसांशी निर्विवाद संबंध आला तो दहाव्या शतकाच्या अखेरीस. क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने सर्व मृत श्रद्धावंतांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून २ नोव्हेंबर रूढ केला. मृतात्म्यांना परगेटरीत, म्हणजे पापक्षालनाच्या स्थानी, थांबावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांची सुटका लवकर होते, ही श्रद्धा पुढे बळावत गेली. इंग्लंडात गरीब माणसे दारोदार जाऊन छोटे केक मागत आणि त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. शेक्सपिअरच्या 'द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये स्पीड प्रेमात पडलेल्या मालकाची थट्टा करताना या दिवसांतल्या रडव्या भिकाऱ्याची उपमा देतो. मला मात्र हा भिकारी लाचार वाटत नाही. घेतलेल्या केकच्या बदल्यात तो जे देत असे, ते घरमालकाला पैशाने अन्यत्र सहज मिळण्याजोगे नव्हते.

धर्मसुधारणेच्या चळवळीने परगेटरीच नाकारली आणि या व्यवहारातली त्याची बाजू निरर्थक ठरली. मागणे मात्र टिकले.

रॉबर्ट बर्न्सची १७८५ मधली 'हॅलोविन' ही कविता या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तिच्यात भीती आहे, पण ती गमतीची. खरा विषय लग्नाचा. डोळे मिटून केल या भाजीची रोपे उपटायची आणि जोडीदार कसा मिळेल ते ओळखायचे, विस्तवात दोन कवचफळे ठेवून प्रेम टिकेल का ते पाहायचे. या रूढी समजाव्यात म्हणून बर्न्सने स्वतःच टिपा जोडल्या. म्हणजे त्याच्या सर्व वाचकांना त्या ठाऊक नव्हत्या.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या दुष्काळात, आयरिश स्थलांतरितांनी हा सण मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत नेला. कोरायला सलगमाऐवजी भोपळा मिळाला. भोपळ्याचे हसरे तोंड पाहिलेल्याने आयर्लंडच्या मेयो परगण्यातील संग्रहालयात ठेवलेला सलगमाच्या कंदिलाचा साचा एकदा पाहावा. तो चेहरा खरोखर भिववतो. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या 'स्लीपी हॉलो'चे नाव येथे नेहमी घेतले जाते, पण १८२० च्या त्या कथेत हॅलोविनचा उल्लेखच नाही आणि भोपळाही कोरलेला नाही, फुटलेला आहे. असो.

या रात्रीच्या खोड्या अमेरिकेत पुढे नासधुशीपर्यंत गेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅनडा आणि अमेरिकेत 'ट्रिक ऑर ट्रीट' रुळले : खाऊ द्या, नाहीतर खोडी. देवघेव परतली, पण दारातला मागणारा आता प्रार्थना देत नव्हता, उपद्रव न करण्याचे आश्वासन देत होता. मृतांचे नाव या व्यवहारातून पुरते गळाले.

वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात, कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतात. तिथे भोपळा नसतो.