न पडलेला पिवळा रुमाल : एक निर्णय, एक शहर आणि फुटबॉलचे चाहते

आजचा विषय खेळाचा आहे, पण आपण खेळाडूंबद्दल कमी आणि गॅलरीत बसणाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहोत. पंचाने चूक केली आणि त्या चुकीने सामना गेला, तर सामना बघणाऱ्या माणसाचं नेमकं काय जातं? आणि ते त्याला परत मिळू शकतं का? हा प्रश्न आम्ही एका शहराच्या गोष्टीतून मांडणार आहोत. शहर न्यू ऑर्लीन्स, तारीख 20 जानेवारी 2019.

आधी एक खुलासा. आपण फुटबॉल म्हणतो तो पायाने खेळायचा. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात धरून किंवा फेकून पुढे न्यायचा खेळ. पंचांच्या कमरेला पिवळा रुमाल असतो. नियमभंग दिसला की ते तो मैदानात फेकतात. त्याला तिकडे फ्लॅग म्हणतात. नियम पुष्कळ आहेत, आपल्याला आज एकच पुरे. हवेतून येणारा चेंडू झेलणाऱ्याच्या हातापर्यंत पोचायच्या आधी बचाव करणाऱ्याने त्याला धडक द्यायची नाही. दिली तर तो 'पास इंटरफिअरन्स', आणि चेंडू गुन्ह्याच्या जागी आक्रमण करणाऱ्या संघाला मिळतो.

आता सामना. एनएफएल या व्यावसायिक लीगची बाद फेरी चालू होती. न्यू ऑर्लीन्स सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स. जिंकणारा थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात जाणार. सुपरडोममध्ये सत्तर हजारांच्या वर माणसं. गुण 20-20, दोनेक मिनिटांचा खेळ उरलेला, सेंट्स गोलरेषेपासून 13 यार्डांवर. ड्रू ब्रीसने टॉमीली लुइसकडे चेंडू फेकला. रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत आला आणि चेंडू पोचायच्या आधीच त्याने लुइसला आडवं केलं. त्याने चेंडूकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. सगळं स्टेडियम रुमालाची वाट बघत राहिलं. रुमाल पडला नाही.

पडला असता तर सेंट्सना घड्याळ जवळपास संपवून अगदी जवळून विजयी किक मारता आली असती. तसं झालं नाही. त्यांना तीन गुणांवर समाधान मानावं लागलं, रॅम्सनी उरलेल्या वेळात बरोबरी केली आणि जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनच्या 57 यार्डांच्या किकवर 26-23 असा सामना जिंकला. आता न्यायाने बोलायचं तर हेही सांगायला हवं की सेंट्स सुरुवातीला 13-0 ने पुढे होते. जादा वेळेत पहिल्यांदा चेंडू त्यांच्याकडेच होता आणि ब्रीसचा पास रॅम्सनी पकडला. म्हणजे सामना त्या एकाच क्षणी गेला असं नाही. पण लक्षात तोच क्षण राहिला.

असं का व्हावं? चुका तर दर रविवारी होतात. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट 2005 ची. 29 ऑगस्टला कॅटरिना वादळ आलं, बंधारे फुटले, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्यांना शहर सोडता आलं नाही अशा हजारो लोकांनी याच सुपरडोममध्ये आसरा घेतला. वादळात छताचे पत्रे उडाले, वीज गेली, पाणी-संडासाचे हाल झाले. तो सबंध मोसम सेंट्सना घराबाहेर खेळावं लागलं. संघ आता कायमचाच दुसऱ्या शहरात जातो की काय, अशी चर्चा होती. 25 सप्टेंबर 2006 ला सुपरडोम पुन्हा उघडला. सुरुवातीलाच स्टीव्ह ग्लीसनने प्रतिस्पर्ध्यांची किक अडवली आणि सेंट्सनी अटलांटाला 23-3 ने हरवलं. ग्लीसनच्या त्या उडीचा पुतळा आज स्टेडियमबाहेर उभा आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये सेंट्सनी सुपर बोलही जिंकला. त्या शहरातल्या माणसाला हा संघ म्हणजे आपण बुडून वर आल्याचा पुरावा वाटतो.

दुसरी गोष्ट 2012 ची. प्रतिस्पर्धी खेळाडूंना जायबंदी केल्याबद्दल सेंट्सच्या गोटात पैसे वाटले जात होते, असा निष्कर्ष लीगच्या चौकशीत निघाला. कमिशनर रॉजर गुडेल यांनी प्रशिक्षक शॉन पेटन यांना पूर्ण मोसमासाठी निलंबित केलं. खेळाडूंवरच्या शिक्षा पुढे अपिलात रद्द झाल्या. तेव्हापासून 'लीग आपल्यावर डूख धरून आहे' हा समज शहरात पक्का झाला. समज बरोबर होता की चूक, हा भाग वेगळा. 2019 चा तो क्षण कोऱ्या पाटीवर आला नव्हता, एवढंच आम्हाला सांगायचंय.

पुढच्या दोन आठवड्यांत शहराने काय काय केलं? सुपर बोल अटलांटात व्हायचा होता, तिथल्या रस्त्यांवर 'सेंट्सना लुटलं' अशा अर्थाचे मोठाले फलक लागले. लुईझियानाच्या गव्हर्नरांनी गुडेलना पत्र लिहिलं. एका नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्याने पंचांचे डोळे फुकट तपासून देऊ म्हणून जाहीर केलं. 3 फेब्रुवारीला, ऐन सुपर बोलच्या दिवशी, लोक बँड लावून रस्त्यावर नाचत होते. सामना बघायचा नाही असं ठरवूनच! न्यू ऑर्लीन्समध्ये त्या सामन्याचा टीव्ही प्रेक्षक आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी तिथल्या 'टाइम्स-पिकायून' या वर्तमानपत्राने पहिलं पान बहुतांश कोरं सोडलं. 'कुठला सुपर बोल?' अशा अर्थाचा एवढासा मथळा. आणि मार्डी ग्राच्या मिरवणुकांत काळा चष्मा आणि पांढरी काठी घेतलेले पंच नाचले. ही थट्टा त्या शहराच्या रक्तातच आहे. 1980 मध्ये सेंट्स 16 पैकी 15 सामने हरले, तेव्हा याच चाहत्यांनी डोक्यावर कागदी पिशव्या चढवून गॅलरीत बसायला सुरुवात केली होती.

पण पिशवी आणि फलक यांत फरक आहे. पिशवी म्हणजे 'आमचा संघ वाईट आहे, आम्हाला लाज वाटते'. फलक म्हणजे 'आमच्यावर अन्याय झाला, तो कबूल करा'. आजच्या व्याख्यानाचं सूत्र या फरकात आहे. हरणं माणूस पचवतो. झालेली चूक झाली असं कुणी उघडपणे म्हणत नाही, ते पचत नाही.

त्या दिवशीचा घटनाक्रम बघा. सामना संपल्यावर मुख्य पंचांनी वार्ताहराला सांगितलं की तो प्रसंग आपण स्वतः पाहिला नाही. प्रशिक्षक पेटन यांनी सांगितलं की लीगच्या पंचविभागाच्या प्रमुखांनी फोनवर चूक मान्य केली. रोबी-कोलमनने व्हिडिओ बघून आपण चेंडूच्या आधी पोचलो हे कबूल केलं. त्या धडकेत डोक्यावर डोकं आपटलं म्हणून लीगने त्याला 26,739 डॉलर दंडही केला. म्हणजे फोनवर चूक मान्य, खेळाडूला मान्य, हिशेबाच्या वहीतही मान्य. फक्त कमिशनर जाहीरपणे बोलायला तयार नव्हते. ते बोलले 30 जानेवारीला, दहा दिवसांनी. तोवर लोक कोर्टात गेले होते.

कोर्टाकडे वळण्याआधी जरा मागे जाऊ. कारण चाहत्याला चूक 'दिसणं' ही गोष्टच तशी अलीकडची आहे.

23 डिसेंबर 1972, पिट्सबर्ग. बाद फेरीत स्टीलर्स ऑकलंड रेडर्सच्या मागे 7-6, शेवटची 22 सेकंदं. टेरी ब्रॅडशॉचा पास धडकेत उसळला आणि जमिनीला लागता लागता फ्रँको हॅरिसने तो उचलून थेट गोलरेषा गाठली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू आधी नुसत्या स्टीलर्सच्याच खेळाडूला लागला असेल तर हॅरिसचा झेल बेकायदा, मध्ये रेडर्सच्या खेळाडूला लागला असेल तर कायदेशीर. पंचांनी आपसांत चर्चा केली, मुख्य पंचाने वर फोन लावला आणि गुण दिले. रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन यांना तो निर्णय जन्मभर पटला नाही. गंमत अशी की त्या काळी यजमान शहरात सामना टीव्हीवर दाखवायची बंदी होती. म्हणजे पिट्सबर्गच्या बहुसंख्य लोकांनी आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण घडताना पाहिलाच नाही! त्या झेलाला 'इमॅक्युलेट रिसेप्शन' हे धार्मिक कोटी करणारं नाव मिळालं, तेही एका चाहतीने फोन करून सुचवलेलं. चेंडू कुणाला लागला हे आजही ठामपणे सांगता येत नाही. त्या झेलाची दंतकथा झाली ती या धूसरपणामुळेच.

पुढे टीव्ही बंदी सैल झाली आणि संथ गतीच्या फिती घरोघर पोचल्या. 1986 मध्ये लीगने व्हिडिओ फेरतपासणी सुरू केली, 1991 च्या मोसमानंतर बंद केली, 1999 मध्ये पुन्हा आणली. आपल्या क्रिकेटमधल्या डीआरएससारखाच हा प्रवास, फक्त त्याच्या बराच आधीचा. पण व्हिडिओ आला म्हणून वाद मिटले नाहीत. 19 जानेवारी 2002 ला भर बर्फात टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला. सामना रेडर्सच्या खिशात होता. पंचांनी व्हिडिओ पाहिला आणि 'टक रूल' नावाच्या आडबाजूच्या नियमाने चेंडू पॅट्रियट्सना परत दिला. नियम लावला बरोबर, पण नियमच डोळ्यांना पटेना. लीगने तो 2013 मध्ये रद्द केला. रेडर्सच्या चाहत्यांना त्याचा काय उपयोग?

आता कोर्ट. न्यू ऑर्लीन्समधल्या काही सीझन तिकीटधारकांनी मागणी केली की लीगच्या नियम 17 प्रमाणे कमिशनरला विलक्षण अन्यायाच्या प्रसंगी हस्तक्षेपाचा अधिकार आहे, तो वापरायला त्यांना भाग पाडा. फेडरल न्यायाधीश सूझी मॉर्गन यांनी जानेवारी संपायच्या आत ती मागणी फेटाळली. दुसरा एक दावा राज्याच्या कोर्टात चालला. तिथे खालच्या कोर्टाने तर गुडेल आणि पंच यांना प्रश्न विचारायलाही परवानगी दिली. सप्टेंबर 2019 मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावाही काढून टाकला. असे दावे चालवायची ही जागा नव्हे, असा त्याचा आशय.

हे अनपेक्षित नव्हतं. 2010 मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या एका तिकीटधारकाचा दावा अपील कोर्टाने फेटाळला होता. पॅट्रियट्सनी चोरून चित्रीकरण करून फसवणूक केली, अशी त्याची तक्रार होती. कोर्ट म्हणालं, तिकिटाने तुम्हाला जागा मिळते आणि सामना बघायला मिळतो. तो तुम्ही पाहिलात. कायद्याने हे बरोबरच आहे. पण विचार करा, नुसती खुर्ची मिळावी म्हणून कोण पैसे मोजतो? खेळ खरा आहे, निकाल आधी ठरलेला नाही, या विश्वासावर माणूस येतो. तो विश्वास तिकिटावर छापलेला नसतो, आणि म्हणून कोर्टात मागताही येत नाही.

कोर्टाने दिलं नाही ते लीगने दिलं, असं काही महिने वाटलं. मार्च 2019 मध्ये संघमालकांनी 31 विरुद्ध 1 मतांनी ठरवलं की पास इंटरफिअरन्स, अगदी न पडलेला रुमालसुद्धा, एक वर्ष व्हिडिओवर तपासता येईल. सिनसिनाटीने तेवढा विरोध केला. न्यू ऑर्लीन्सला वाटलं, आपण हरलो पण नियम जिंकलो.

मग आला 5 जानेवारी 2020. तोच सुपरडोम, पुन्हा बाद फेरी, पुन्हा जादा वेळ. मिनेसोटा वायकिंग्जच्या काइल रुडॉल्फने बचावपटूला हाताने ढकलून झेल घेतला असं सेंट्सचं म्हणणं. रुमाल पडला नाही. आता नियम होता, कॅमेरे होते, न्यूयॉर्कमध्ये बसून तपासणारे अधिकारीही होते. त्यांनी पाहिलं आणि निर्णय कायम ठेवला. 26-20, सेंट्स बाहेर. त्या मोसमानंतर तो नियमही गेला, मालकांनी त्याची मुदत वाढवली नाही. धक्का कॅमेऱ्यात दिसतो, पण तो 'पुरेसा' होता का हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आम्हाला थांबता येणार नाही. 24 जानेवारी 2010, तोच सुपरडोम, प्रतिस्पर्धी तेच वायकिंग्ज. जादा वेळेत सेंट्सच्या बाजूने एक वादग्रस्त पास इंटरफिअरन्स मिळाला, एका शंकास्पद झेलावर व्हिडिओने शिक्कामोर्तब केलं, आणि किक मारून सेंट्स 31-28 ने जिंकले. जादा वेळेत मिनेसोटाच्या हाती चेंडू एकदाही आला नाही. दोन महिन्यांत लीगने बाद फेरीतल्या जादा वेळेचा नियम बदलला. सेंट्सचा एकमेव सुपर बोल त्याच वाटेने आला. तेव्हा न्यू ऑर्लीन्समध्ये कुणी फलक लावले नाहीत, कुणी कोर्टात गेलं नाही.

यात ढोंग आहे असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या पदरात पडलेली चूक आपल्याला दैव वाटते आणि आपल्याकडून गेलेली चूक अन्याय वाटते, हे माणसाचंच आहे. पण इतिहास वाचताना दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघाव्यात. 1972 मध्ये ऑकलंड, 2010 मध्ये मिनेसोटा, 2019 मध्ये न्यू ऑर्लीन्स. प्रत्येक वेळी नियमाला ठिगळ लागतं ते पुढच्या सामन्यासाठी, गेलेला सामना कुणाला परत मिळत नाही.

मग चाहत्याला काय देता येतं? आम्हाला वाटतं, एकच गोष्ट, आणि तिला ना कायदा लागतो ना कॅमेरा. 'आमची चूक झाली' हे वाक्य, त्याच रात्री, सगळ्यांसमोर. 2019 मध्ये ते फोनवर एका माणसाला काही मिनिटांत सांगितलं गेलं. एका अख्ख्या शहराला ते ऐकायला दहा दिवस थांबावं लागलं.

इथे थांबतो.