पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. ताईंना मधुमेह आहे. डॉक्टरांनी पिष्टमय पदार्थ कमी करायला सांगितले, म्हणून त्यांनी भात सोडला, भाकरी अर्ध्यावर आणली. भूक भागवायला ही ‘शुगर फ्री’ बिस्किटं, चार सकाळी, चार संध्याकाळी. तरी रक्तातली साखर उतरेना. आम्ही पुडा उलटा करून वाचला. पहिलाच घटक मैदा, आणि शंभर ग्रॅममागे कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्ट आणि साखर मिळून, सत्तर ग्रॅमच्या आसपास.

मग पुढचं ‘शुगर फ्री’ खोटं होतं का? कायद्यानं बघितलं तर नाही. हे कसं झालं, ते आज बघू.

आपल्या आज्यांना वाचायला पाकीटच नव्हतं. दाणे घरचे नाहीतर बाजारातून मापून आणलेले. भीती होती ती भेसळीची: तुपात वनस्पती, दुधात पाणी, हळदीत रंग. म्हणून १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. आत नको ते मिसळलंय का, एवढीच त्याची मुख्य काळजी. १९७७ च्या नियमांनी पाकिटावर वजन, किंमत आणि महिना-साल छापणं आलं. मापात पाप होऊ नये, हा त्यामागचा विचार. पण आत पिष्ट किती, साखर किती, हा तक्ता सक्तीचा व्हायला २००९ साल उजाडलं. तोवर बिस्किटाचा पुडा वाडीवस्तीवरच्या दुकानात येऊन कितीतरी वर्षं झाली होती.

दरम्यान २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि जाहिरातीतल्या दाव्यांचे नियम २०१८ मध्ये. त्यात ‘शुगर फ्री’ची व्याख्या आहे: शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. मेख इथंच आहे. या हिशेबात ऊस, मध, फळं, दूध यांतल्या साखरा धरतात. मैद्याचं पिष्ट धरत नाहीत. पिष्टापासून बनवलेली माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पूडही बहुतांशी त्यातून सुटते. पोटात गेल्यावर मात्र या सगळ्याची साखरच होते, आणि माल्टोडेक्स्ट्रिनची तर फार झपाट्यानं. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पाकिटाचंही तेच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, म्हणून नाचणी-बाजरी शेवटी दिसली तर ती नावापुरती समजा. (ज्वारीच्या पिठातही पिष्ट भरपूर असतं, हे कबूल. पण भाकरी खाताना ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तर ताईंनी ती अर्धी केली.)

कायदा थांबलेला नाही. २०२० च्या नियमांनी वरून घातलेली साखर वेगळी दाखवायला लावली. जून २०२४ मध्ये फळांच्या रसाच्या खोक्यांवरचा ‘शंभर टक्के रस’ हा दावा काढायला सांगितला गेला, कारण त्यातले बरेच रस आटवलेल्या अर्कात पाणी घालून केलेले असतात.

आमची तक्रार वेगळीच आहे. ही सगळी माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत छापली की कायदा भागतो, मराठी सक्तीची नाही. आणि ज्या पाकिटाचा सगळा पृष्ठभाग मिळून शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो, त्यावर तक्ता आणि घटक छापण्यातून सूट आहे. म्हणजे अगदी चिमुकली पुडी, जी आपल्याकडे पोरं सुट्टे पैसे घेऊन आणायला पळतात, तिच्यावर वाचायला काही असेलच असं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापण्याबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. तोवर मागची बाजूच वाचायची. ताईंनी बिस्किटं बंद केलीत आणि दुपारी मूठभर शेंगदाणे खातात. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एकेक रिकामं पाकीट घेऊन या. चष्मा विसरू नका, अक्षरं फारच बारीक असतात.