कुमेरीच्या वाटेवर

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे काणकोणात गेलो होतो. खोतीगावच्या अभयारण्यातून कुस्केच्या बाजूला चालत निघालो. धबधबा पाहावा आणि परतावे, एवढाच बेत होता. पण वाटेत एक वेळीप आजोबा भेटले. समोरचा उतार दाखवून ते म्हणाले, "हांगा आमची कुमेर आसली." आम्हाला तिथे केवळ झाडीच दिसत होती.

कुमेरी म्हणजे डोंगर-उतारावरची फिरती शेती. रायगडकडे हिलाच दळी म्हणतात. कोयत्याने झाडझाडोरा तोडायचा, उन्हात वाळवायचा, पावसाआधी जाळायचा. राख हेच खत. पहिल्या पावसावर नाचणी, वरी असे धान्य पेरायचे. नांगर नाही, बैल नाही. रानडुकरांपासून राखण मात्र रात्रंदिवस. दोन-एक पिके झाली की तो तुकडा सोडायचा आणि दुसऱ्या उतारावर जायचे. सोडलेल्या जागी रान पुन्हा वाढते. जमिनीला दिलेली ही विश्रांती म्हणजेच या शेतीचे खरे गणित.

सरकारच्या हिशेबात हे गणित कधी बसले नाही. शेजारच्या कारवार भागात इंग्रजांना जहाजांसाठी आणि रेल्वेसाठी लाकूड हवे होते. कारवार त्या वेळी मद्रास इलाख्यात होते. मुंबई इलाख्यात ते 1862 साली आले. मद्रासचे वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न कुमेरीच्या विरोधात होते. 1860 साली मद्रास सरकारने सरकारी रानात परवानगीशिवाय कुमेरी करण्यास मनाई केली. जंगल वाचवण्याचे कारण पुढे केले गेले, पण तेच जंगल लाकडासाठी राखायचे होते. गोव्यातही मुक्तीनंतर कुमेरीवर बंदी आली. 1968 साली खोतीगाव अभयारण्य झाले.

कुमेरीचा दोष नव्हताच, असे मी म्हणणार नाही. माणसे वाढली, जमीन कमी झाली, विश्रांतीची वर्षे घटली, तर उताराची माती वाहून जाणारच. पण विश्रांती का घटली, हेही विचारायला हवे. रान एकीकडे राखीव झाले आणि शेतकरी उरलेल्या तुकड्यांत कोंडला गेला.

2003 साली गावडा, कुणबी व वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. आता पाहा, ज्या शेतीचा धर्मच जागा सोडून देण्याचा, तिची खूण कुठे दाखवणार? रान वाढले हाच तिचा शहाणपणा, आणि तोच तिच्या विरोधातला पुरावा!

सुदैवाने या कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला आहे. त्या आजोबांना उताराचा प्रत्येक तुकडा, कोणी केव्हा केला, हे तोंडपाठ होते. आम्ही धबधब्याकडे निघालो, पण माझ्या मनात एकच विचार होता. त्यांचे हे सांगणे कोणीतरी वेळेत लिहून घ्यायला हवे. झाडी काही बोलत नाही, आणि आजोबांचे वय थांबत नाही.