सिलिकॉनच्या निऱ्या : ताणल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास

माणूस चालत-फिरत असताना त्याच्या हृदयाची विद्युत्-नोंद घेण्याचा प्रयत्न अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात केला. त्यांचे उपकरण पाठीवर बांधावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. पुढे ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक परिपथ आले, वजन ग्रॅमवर उतरले. परंतु मूळ विसंगती कायम राहिली : शरीर मऊ आणि परिपथ कठीण.

हालचालीत आपली त्वचा सुमारे ३० टक्के ताणली जाते. सिलिकॉनचा स्फटिक मात्र १ टक्क्याच्या आसपास ताण येताच तडकतो. कठीण चकती त्वचेवरून किंचित जरी सरकली, तरी संकेतात गोंगाट मिसळतो. म्हणजे उपकरण अंगाला सुखद असणे ही चैन नसून अचूक मापनाची अट आहे.

यावर एक उपाय होता पदार्थच बदलण्याचा. वीजवाहक बहुवारिकांचा शोध १९७७ मध्ये लागला आणि त्यासाठी हीगर, मॅकडायार्मिड व शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तथापि वेगाच्या बाबतीत ही बहुवारिके सिलिकॉनची बरोबरी करू शकली नाहीत.

दुसरा उपाय आकार बदलण्याचा. १९९८ मध्ये हार्वर्ड येथील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने तापवलेल्या सिलिकोन रबरावर सोन्याचा पातळ थर दिला. रबर थंड होऊन आकसले आणि सोन्यावर नियमित लाटा उमटल्या. २००६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स व सहकाऱ्यांनी आधीच ताणलेल्या रबरावर सिलिकॉनच्या अतिपातळ पट्ट्या चिकटवल्या आणि ताण सोडून दिला. पट्ट्या लहरदार झाल्या. साडीचे कापड ताणत नाही, पण निऱ्या उलगडतात म्हणून पाऊल मोकळे पडते. येथेही तेच घडले. पदार्थ ठिसूळच राहिला, लवचीकता आकाराने दिली.

याच गटाने २०११ मध्ये तात्पुरत्या गोंदणाप्रमाणे त्वचेला चिकटणारा परिपथ सादर केला. आता प्रश्न घामाचा होता, कारण सलग पापुद्र्याखाली त्वचा कोंडते. २०१७ मध्ये टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंवर सोने चढवून हवा खेळती ठेवणारी जाळी तयार केली. २० स्वयंसेवकांच्या त्वचेवर ती आठवडाभर ठेवूनही दाह झाला नाही.

भारतात आयआयटी कानपूर येथे लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आहे. विद्यार्थ्यांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा : वाकणे आणि ताणले जाणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कागद वाकतो, पण ताणला की फाटतो. मनगट, कोपर, श्वासागणिक फुगणारी छाती यांना दुसरा गुण हवा. त्यातच आपल्याकडे वर्षातील कित्येक महिने अंगावर घाम असतो. थंड, वातानुकूलित प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली पट्टी मे महिन्यात शेतावर किंवा कारखान्यात टिकेल काय, हे इथल्याच हवेत तपासावे लागेल.