वारुळावरच्या अळंबीचे नामकरण

पावसाळ्यात बेटेगाव-बोईसरकडे वारुळाच्या मातीतून जी अळंबी डोके वर काढते, तिचा देठ जपून उकरला तर तो मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या भूमिगत बुरशीबागेत उतरतो. या बागेचा वृत्तांत निसर्गअभ्यासक योहान क्योनिग यांनी मराठ्यांच्या तंजावर मुलखातील वारुळे पाहून १७७९ सालीच छापला असताही, बर्कली-ब्रूम या इंग्रज पंडितांनी सिंहलद्वीपातून आलेला या अळंबीच्या एका धाकट्या बहिणीचा सुकलेला नमुना १८७१ साली ‘अगॅरिकस’ या अवाढव्य प्रजातीच्या खाती जमा केला; सुक्या टोपीवरून बिऱ्हाड कसे कळावे! अखेर १९४२ साली फ्रान्सचे बुरशीतज्ज्ञ रोजे हाइम यांनी ‘टर्मिटोमायसीस’, म्हणजे वाळवीची बुरशी, ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. गोमंतकात वारुळाला रोंयण म्हणतात, आणि बाजारात हीच अळंबी त्या नावाने विकली जाते.